धागा: देशप्रेम, ख्रिस्ती श्रद्धा आणि मत कुणाला? चर्चच्या फलकावर काय लावता येतं, काय नाही

निर्मळकर

निवडणूक जाहीर व्हायच्या आत आमच्या धर्मग्राम (पॅरिश) मंडळाला मतदारांसाठी एक पान फलकावर लावायचंय. मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर पाच मिनिटं माहितीही द्यायची आहे. कच्च्या मसुद्यात सहा वाक्यं आहेत:

१. मतदान करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे.
२. ख्रिस्ती उमेदवार उभा असेल तर त्याला प्राधान्य द्या.
३. आपल्या समाजावर हल्ले करणाऱ्यांना मत देणं हे पाप आहे.
४. देशावर प्रेम करणारा ख्रिस्ती माणूस स्वच्छ उमेदवारालाच निवडतो.
५. उमेदवाराची माहिती तपासून मग मत द्या.
६. येत्या रविवारी सर्व पक्षांचे उमेदवार चर्चच्या सभागृहात भेटतील.

कायदा, धर्मशिक्षण आणि प्रत्यक्ष व्यवहार या तिन्ही अंगांनी चिरफाड हवी आहे. "आमच्याकडे अमुक साली काय झालं" असले किस्से नकोत, नाहीतर धागा तिकडेच वाहवत जातो.

एकशेतेवीस_तीन

वकिली नजरेने: २ आणि ३ आजच खोडा. ६ थांबवा. ४ मध्ये एक बारीक अडचण आहे, तिच्याकडे नंतर येतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३): धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका, असं आवाहन हे भ्रष्ट आचरण. यात पूर्वी वाद होता की धर्म कुणाचा, फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही? तो वाद मुंबईतल्याच प्रकरणात मिटला. सांताक्रूझ विधानसभेची १९९०ची निवडणूक, अभिराम सिंग विरुद्ध सी. डी. कोमाचेन. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ असा निर्णय दिला की मतदाराच्या धर्माला घातलेली सादही यात येते. म्हणजे "उमेदवार ख्रिस्ती आहे म्हणून" जसं चालत नाही, तसंच "तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणून याला मत द्या" हेही चालत नाही.

वाक्य ३ त्याहून वाईट. कलम १२३(२) मध्ये "अनुचित प्रभाव" या शीर्षकाखाली दोन गोष्टी नावानिशी लिहिल्यात: मतदाराला दैवी कोपाची किंवा आध्यात्मिक दंडाची भीती घालणं, आणि जातीतून, समाजातून बाहेर काढण्याची धमकी देणं. "पाप आहे" हे शब्द फलकावर आले की पहिली गोष्ट जवळजवळ पुरी झाली.

बांद्रा_गावठाण

पण ही कलमं उमेदवाराला लागू ना? फलक लावणारं मंडळ थोडंच निवडणूक लढवतंय?

एकशेतेवीस_तीन

अर्धं बरोबर. कलम १२३ लागायला ते कृत्य उमेदवाराने, त्याच्या एजंटने, किंवा उमेदवाराच्या अथवा त्याच्या निवडणूक एजंटच्या संमतीने दुसऱ्या कुणी केलेलं असावं लागतं. मंडळाने आपल्या आपण लावलेल्या फलकाने निवडणूक रद्द होणार नाही. पण व्यवहारात संमती कशी चिकटते ते पाहा. उमेदवार चर्चला भेट देतो, फलकासमोर फोटो निघतो, त्याच्याच प्रचारगटात तो फोटो फिरतो. हरलेला उमेदवार हेच घेऊन उच्च न्यायालयात जातो. निकालापासून ४५ दिवसांत याचिका, भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर सोबत स्वतंत्र प्रतिज्ञापत्र. आरोप सिद्ध झाला तर निवडून आलेल्याची जागा जाते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येते. ज्याचं भलं करायला गेलात त्याचंच नुकसान.

आणि संमतीची अट फक्त तिथे आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १७१ कुणालाही लागतं. दैवी कोपाची भीती घालून मत वळवलं तर कलम १७४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

सभागृहाबद्दल: आदर्श आचारसंहिता सांगते की मशीद, चर्च, मंदिर वगैरे प्रार्थनास्थळं प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरू नयेत. आचारसंहितेला स्वतःचे दात नाहीत, पण धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम १९८८ ला आहेत. कलम ३ प्रमाणे संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरायला देता येत नाही, कलम ५ प्रमाणे निधीही नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि ती व्यवस्थापकाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी फादरनाच. "सगळ्याच पक्षांना बोलावलंय" हा बचाव या कलमात लिहिलेला नाही.

बांद्रा_गावठाण

मग धर्मगुरूंनी तोंडाला कुलूपच लावायचं? नागरिक म्हणून त्यांना मत नाही का?

जुने_निकाल

आहे, आणि तसं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगून ठेवलंय. राम दयाल विरुद्ध संत लाल. पंजाबातलं प्रकरण, नामधारी शिखांच्या गुरूंनी अनुयायांना एका उमेदवाराला मत देण्याचा हुकूम काढला होता. न्यायालय म्हणालं, धर्मगुरूला कुठल्याही नागरिकाइतकंच उमेदवारांच्या गुणदोषांवर बोलायचं स्वातंत्र्य आहे. पण आपल्या अनुयायांना स्वतःची निवड उरूच नये अशा तऱ्हेने आध्यात्मिक अधिकार वापरला तर तो अनुचित प्रभाव. निवडणूक रद्द झाली होती, तो निर्णय कायम राहिला.

दुसरा, १९६९चा. बनासकांठा लोकसभा, १९६७, स्वतंत्र पक्षाचे मनुभाई अमरसी निवडून आले. त्यांच्या प्रचारात शंभू महाराजांनी सांगितलं होतं की काँग्रेसला मत म्हणजे गोहत्येच्या पापात वाटा. निवडणूक गेली. पोटनिवडणुकीत तिथून आपल्या मुंबईचे स. का. पाटील लोकसभेत गेले, हे अवांतर.

धर्म बदला, वाक्य तेच. "त्याला मत म्हणजे पाप" हे कुणीही म्हटलं तरी कायद्यापुढे एकाच पंक्तीत बसतं.

तटस्थ_टिपणी

ख्रिस्ती नाही, म्हणून हळूच विचारते. २०१७ साली गुजरातच्या निवडणुकीआधी गांधीनगरच्या आर्चबिशपांचं पत्र गाजलं होतं. "राष्ट्रवादी शक्तींपासून" देश वाचवा, प्रार्थना करा, अशा आशयाचं. ते या रेषेच्या कुठल्या बाजूला?

जुने_निकाल

आर्चबिशप थॉमस मॅकवान, नोव्हेंबर २०१७. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांना नोटीस काढून खुलासा मागवला. पत्रात पक्षाचं नाव नव्हतं, पापाची भाषाही नव्हती. माझ्या मते कलम १२३(२) तिथे बसत नाही. पण शब्द निवडताना चूक झाली. "राष्ट्रवादी" हा शब्द आपल्या देशात स्वातंत्र्यलढ्यातून आलेला आहे. तो शत्रूचं नाव म्हणून वापरला की वाचणारा म्हणतो, बघा, यांना राष्ट्रच नको. मुद्दा घटनेतल्या मूल्यांचा असेल तर तीच मूल्यं नाव घेऊन लिहावीत: समता, श्रद्धेचं स्वातंत्र्य, कलम २५. विशेषणांनी भांडण वाढतं, आणि विश्वासी माणसाला काय तपासायचं तेही कळत नाही.

मजगावचा_वारसा

थोडं असहमत. बिशपांनी गप्प बसावं हा सल्ला नेहमी अल्पसंख्याकांनाच मिळतो. देशप्रेमाची सनद पुन्हापुन्हा मागितली जाते म्हणून सांगतो: काका जोसेफ बॅप्टिस्टा माझगावचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातले. लोकमान्यांचे मित्र आणि वकील, १९१६च्या इंडियन होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे १९२५ साली मुंबईचे महापौर. रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले १८९५ साली आणि देशभक्तीच्या कविता त्यानंतरही लिहीत राहिले. आजही १५ ऑगस्टला सकाळी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि झेंडावंदन एकाच अंगणात होतं. ज्यांना हे दिसत नाही त्यांना फलकावर लिहूनही दिसणार नाही.

जुने_निकाल

बॅप्टिस्टांचा दाखला माझ्याच बाजूचा आहे हो. त्यांनी "ख्रिस्ती हित" म्हणून राजकारण केलं नाही.

एकशेतेवीस_तीन

आणि इथेच वाक्य ४ ची अडचण. "देशावर प्रेम करणारा ख्रिस्ती अमुक करतो" याचा उलटा अर्थ "जो करत नाही तो देशद्रोही". प्रचारात हे दुसऱ्या बाजूने ऐकलं की आपण चिडतो, मग फलकावर का लावायचं?

देशप्रेम मोजायची पट्टी न्यायालयाने एकदा केरळच्या मुलांच्या निमित्ताने घालून दिलीय. बिजो इमॅन्युएल प्रकरण, ११ ऑगस्ट १९८६. यहोवाच्या साक्षीदार पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं: उभं राहणं हा आदर आहे, गायची सक्ती करणारा कायदा नाही. त्या पंथाचे लोक राजकारणापासून दूर राहतात, मतदानही करत नाहीत. तेही बेकायदा नाही, कारण लोकसभा-विधानसभेसाठी आपल्याकडे मतदान सक्तीचं नाही. म्हणून वाक्य १ सुद्धा "कायद्याने कर्तव्य" असं वाचलं जाणार नाही याची काळजी घ्या.

नगरची_मंडळी

वाक्य १ धर्मशिक्षणाच्या बाजूने टिकतं, फक्त आधार नीट द्या. कॅथलिकांसाठी धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२४०: कर भरणं, मताधिकार बजावणं, देशाचं रक्षण करणं, हे नैतिक कर्तव्य म्हणून एकाच ओळीत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या "आधुनिक जगातील ख्रिस्तसभा" या दस्तऐवजात परिच्छेद ७५ मतदानाचा हक्क आणि कर्तव्य सांगतो, आणि लगेच ७६ सांगतो की ख्रिस्तसभा कुठल्याही राजकीय व्यवस्थेशी एकरूप नाही. हे दोन परिच्छेद जोडीनेच वाचावेत. बरेच जण पहिल्यावर थांबतात.

आम्हा प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बायबलातला रोमकरांस १३ हा अध्याय फार वापरतात: सत्ता देवाने नेमलेली, तिच्या अधीन असा. त्याचा अर्थ काही पाळक "जो सत्तेत आहे त्यालाच मत" असा लावतात. हा अर्थ टिकत नाही. हे पत्र प्रेषित पौलाने ज्यांना लिहिलं त्यांना मतच नव्हतं, कैसर, म्हणजे रोमचा सम्राट, त्यांनी निवडला नव्हता. आपल्या घटनेची सुरुवात "आम्ही भारताचे लोक" अशी आहे. इथे सत्तेचा उगमच मतदार आहे, तेव्हा रोमकरांस १३ मधली जबाबदारी मत देणाऱ्यावरही पडते. शेजारी प्रेषितांची कृत्ये ५:२९ आहेच, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आणि १ शमुवेल ८ वाचा. लोक राजा मागतात, शमुवेल आधीच यादी देतो की हा राजा तुमचे मुलगे, शेतं, दशमांश घेईल. निवडण्याआधी किंमत विचारा, असं सांगणारा इतका थेट उतारा दुसरा नाही.

उमेदवार पारखायला मात्र माझ्या मते निर्गम १८:२१ पुरेसा आहे. इथ्रोने मोशेला चार कसोट्या दिल्या: लायक असावा, देवभीरू असावा, सत्यनिष्ठ असावा, लाचेचा द्वेष करणारा असावा. त्यातली "देवभीरू" ही कसोटी फलकावर टाकू नका, तिचा अर्थ लगेच "आपल्या धर्माचा" होतो. उरलेल्या तिन्ही कागदपत्रांवर तपासता येतात.

अर्ज_सव्वीस

तेवढ्यासाठीच आलो. वाक्य ५ पोकळ आहे, "तपासून" म्हणजे कसं ते लिहा.

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरच्या उमेदवार प्रतिज्ञापत्र विभागात मतदारसंघ निवडला की स्कॅन प्रत मिळते. केवायसी (आपला उमेदवार जाणून घ्या) नावाचं आयोगाचं ॲपही आहे. बघायचा क्रम:

आधी प्रलंबित गुन्हे. कलमं वाचा, संख्या मोजू नका. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एका मापाने तोलला तर चांगला कार्यकर्ता बाद होतो. मग दोषसिद्धी. मग मालमत्ता, आणि तीही मागच्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्राशेजारी ठेवून, कारण एकट्या आकड्यातून काही कळत नाही. जमिनीचा चालू बाजारभाव वाढला की मालमत्ता फुगते. वसईसारख्या ठिकाणी वडिलोपार्जित वाडी असलेला माणूस कागदावर कोट्यधीश दिसतो. म्हणून "स्वतः खरेदी केलेली" आणि "वारसाने आलेली" हे रकाने वेगळे वाचा. शेवटी सरकारी थकबाकी आणि सरकारी कंत्राटं. हा रकाना कुणी बघत नाही, आणि लाचेच्या कसोटीला हाच सगळ्यात उपयोगी.

गुन्हे असतील तर उमेदवाराने आणि पक्षाने प्रचारकाळात ते तीनदा वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर प्रसिद्ध करायला हवेत. त्याशिवाय स्वच्छ माणूस का मिळाला नाही याचं कारण पक्षाने आपल्या संकेतस्थळावर द्यायचं असतं. ते कारण जरूर वाचा. बहुतेकदा "लोकप्रियता" एवढंच असतं.

बांद्रा_गावठाण

हे सगळं मान्य. पण समाजाचे प्रश्न कुठे गेले? दफनभूमीला जागा नाही, गावठाणांवर बुलडोझर, दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातींचं आरक्षण नाही. त्यावर मत ठरवायचं नाही?

अर्ज_सव्वीस

ठरवायचं. पण प्रश्न ज्या सभागृहाचा, त्याच निवडणुकीत विचारा. उलटं केलं की मत वाया जातं.

दफनभूमी: महापालिका. नगरसेवकाला विचारा, खासदाराला विचारून उपयोग नाही. गावठाणाची हद्द, बांधकामाचे नियम, विकास आराखडा: राज्याचं नगरविकास खातं आणि पालिका, म्हणजे आमदार नि नगरसेवक. चर्चवर दगडफेक, पोलिसांनी तक्रार न घेणं, धर्मांतरविरोधी कायदे: राज्य. परदेशी देणग्यांचा कायदा: संसद. दलित ख्रिस्त्यांचा प्रश्न अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५०च्या राष्ट्रपती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाचा आहे. त्यात आधी फक्त हिंदू, १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. बदल संसदेनेच करायचा. तोवर दलित ख्रिस्ती व्यक्ती अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवरून उभी राहू शकत नाही, मत अर्थात देऊ शकते. २०२२ साली नेमलेला बालकृष्णन आयोग याच विषयावर आहे. लोकसभेच्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न तयार आहे: आयोगाचा अहवाल आल्यावर तुमचा पक्ष कुठल्या बाजूने मत देईल?

जुने_निकाल

समाजाचा प्रश्न विचारणं आणि समाजाचा माणूस शोधणं यात आपल्याच लोकांनी एकदा फरक केलेला आहे. १९३२च्या जातीय निवाड्याने भारतीय ख्रिस्त्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, १९३५च्या कायद्यात ते आले. घटना समितीत अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष होते डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी, स्वतः बंगाली ख्रिस्ती. मे १९४९ मध्ये सल्लागार समितीने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा ठराव केला, आणि ख्रिस्ती प्रतिनिधी त्या बाजूने होते. त्या बदल्यात मिळालं ते मूलभूत हक्कांचं प्रकरण, कलम २५ ते ३०.

आकडेही बघा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याच्याही किंचित आत आहेत. "आपला माणूस" निवडून आणण्याइतकं संख्याबळ फार थोड्या प्रभागांत आहे. बाकी सगळीकडे आपलं मत लागतं ते दुसऱ्या धर्माच्या बऱ्या माणसालाच.

ऐझॉल_ते_अंधेरी

जिथे संख्या आहे तिथे काय करतात तेही पाहण्यासारखं आहे. मिझोराममध्ये ८७ टक्के ख्रिस्ती. तिथे २००६ साली चर्चच्या पुढाकाराने मिझोराम पीपल्स फोरम निघाला. तो कुणाला मत द्या हे सांगत नाही. पक्षांशी लेखी करार करतो: मेजवान्या नाहीत, फलकांवर मर्यादा, घरोघर मतं मागत फिरणं नाही, आणि सर्व उमेदवारांचं एकच सामायिक व्यासपीठ. नागालँडमध्ये तिथल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या परिषदेने २०१२ पासून "स्वच्छ निवडणूक" मोहीम चालवलीय, रोख हाच की मत विकू नका. अडतं कुठे? जिथे गाव किंवा कुळ एकत्र बसून मत ठरवतं, तिथे पैसा मतदाराला न देता ठरवणाऱ्यांना दिला जातो. चर्चच्या शपथा तिथे कमी पडतात.

आणि हो, २०२३ साली मिझोरामची मतमोजणी ३ डिसेंबरच्या रविवारी होती, ती मागणीवरून सोमवारी ४ तारखेला ढकलली. याउलट २०१९ साली दुसरा टप्पा १८ एप्रिलला, पवित्र गुरुवारीच झाला, आपल्या सोलापूर-लातूर-नांदेडसह. तारीख टोचत असेल तर कार्यक्रम जाहीर होताच मागणी करावी लागते.

निर्मळकर

सामायिक व्यासपीठाची कल्पना आवडली. जागा?

एकशेतेवीस_तीन

चर्चच्या आवाराबाहेरची. पालिकेचं समाजमंदिर, भाड्याचं मंगल कार्यालय. आयोजक धर्मग्राम मंडळ नको, रहिवासी संघ किंवा सर्वधर्मीय नागरिक मंच असू द्या. परवानगी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून आणि पोलीस ठाण्यातून. सगळ्या उमेदवारांना एकाच तारखेचं लेखी निमंत्रण, पोच घेऊन. प्रश्न आधी लिहून घ्या, सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. खर्चाचं बिल ठेवा. एकाच उमेदवाराची सभा झाल्यासारखं दिसलं तर ते त्याच्या खर्चात धरतील. मतदान संपण्याआधीचे ४८ तास टाळा. आणि चर्चच्या ट्रस्टला परदेशी देणग्यांची नोंदणी असेल तर त्या खात्याचा एक रुपयाही यात यायला नको.

मडगांवची_माय

गोव्याकडचा एक मुद्दा, कारण तिथे देशप्रेम आणि मत हे शब्द पासपोर्टाभोवती फिरतात. लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले बरेच जण इथल्या यादीत अजून आहेत. परकं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डाने राहता येतं, मत देता येत नाही. अशा माणसाने नमुना ७ भरून नाव काढून घ्यावं. यादीसाठी खोटं निवेदन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. यात हिंदूही आहेत, ख्रिस्तीच नाहीत, हे मुद्दाम लिहिते.

आखातात नोकरी पण पासपोर्ट भारतीय, त्यांच्यासाठी नमुना ६अ. पण मत द्यायला प्रत्यक्ष यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. तारवटींना, म्हणजे व्यापारी जहाजांवरच्यांना, टपाली मत नाही. ते सैन्यातल्यांना आहे. तरी बोटीवर असताना नाव कापू देऊ नका. तात्पुरती गैरहजेरी म्हणजे रहिवास संपला असं नाही, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे. घरच्यांनी बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, तसं लेखी द्यावं.

यादी_तपासनीस

यादीतली नावं हा ख्रिस्ती मतदाराचा खरा डोकेदुखीचा भाग. डिसोझा, डिसूझा, डिसोजा, गोन्सालविस, घोन्साल्विस, नावात आलेलं उलटं स्वल्पविरामचिन्ह. नावाने शोधलं तर "नोंद सापडली नाही" येतं आणि माणूस घरी बसतो. ओळखपत्र क्रमांकाने शोधा. ते नसेल तर वडिलांचं नाव आणि वय घालून, दोन-तीन लेखनं बदलून. स्पेलिंगच्या किरकोळ फरकावरून केंद्रावर परत पाठवत नाहीत, ओळख पटली की झालं. दुरुस्तीला नमुना ८, पत्ता बदललाही तोच. नवीन नावाला नमुना ६, पात्रता तारखा आता वर्षात चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आणि बदलीवर जाणारे फादर यांची नावं जुन्याच पत्त्यावर राहतात. बदली झाली की लगेच नमुना ८. व्रत घेताना घेतलेलं नाव यादीत आणि घरचं नाव आधारवर असा घोळ असेल तर एकच नाव सगळीकडे करून घ्या.

मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर वाद घालत बसू नका, केंद्राध्यक्षाकडे "प्रदत्त मत" मागा. ते मतपत्रिकेवर मिळतं आणि वेगळ्या लिफाफ्यात जातं.

तटस्थ_टिपणी

आणि कुणीच पसंत नसेल तर? ख्रिस्ती सदसद्विवेकाला नोटा ("वरीलपैकी कुणीही नाही") चालतो का?

नगरची_मंडळी

चालतो, पण त्याचा परिणाम जाणून घ्या. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वात जास्त मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत २०१८च्या राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाने नोटा काल्पनिक उमेदवार मानला जातो; तो पुढे असेल तर निवडणूक पुन्हा.

नैतिक बाजूने २००४ साली कार्डिनल रॅट्झिंगरांनी, म्हणजे पुढच्या पोप बेनेडिक्टांनी, एका टिपणात फरक सांगितला. उमेदवाराच्या चुकीच्या भूमिकेसाठीच मत देणं वेगळं, आणि ती भूमिका नापसंत असूनही तितक्याच वजनदार दुसऱ्या कारणासाठी मत देणं वेगळं. दुसरं मोजक्या परिस्थितीत मान्य होऊ शकतं. ते टिपण अमेरिकेतल्या गर्भपाताच्या वादात लिहिलेलं. तिकडची एक-मुद्दा यादी इथे छापून वाटू नये. आपल्याकडे त्या मुद्द्यावर पक्षापक्षांत फारसा फरकच नाही, मग कसोटी कशाची?

मजगावचा_वारसा

हे बाकी खरं. परदेशी पत्रकाचं मराठी करून वाटतात आणि त्यात पाण्याचा प मात्र नसतो.

निर्मळकर

सुधारित मसुदा, बघा:

"मतदान हे ख्रिस्ती नागरिकाचं नैतिक कर्तव्य आहे (धर्मशिक्षण ग्रंथ २२४०). कुणाला मत द्यावं हे चर्च सांगत नाही. ते आपण आपल्या सदसद्विवेकाने ठरवावं. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र असं वाचा: गुन्ह्यांची कलमं, मागच्या वेळच्या तुलनेत मालमत्ता, सरकारी थकबाकी, कंत्राटं. आपला प्रश्न कोणत्या सभागृहाचा ते ओळखून विचारा. मतासाठी पैसे, वस्तू, जेवण घेऊ नका, देऊ करणाऱ्याची तक्रार निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर करा. यादीतलं नाव ओळखपत्र क्रमांकाने तपासा."

२, ३, ४ गेली. ६ नागरिक मंचाकडे दिलं.

एकशेतेवीस_तीन

चालेल. पक्षचिन्हाशी साम्य असलेलं कुठलंही चित्र शेजारी नको. तुमच्याकडे भित्तिपत्रकात हात जोडलेले, कमळ किंवा मशाल सहज येतात. आवारातली शाळा मतदान केंद्र असेल तर मतदानाच्या दिवशी सकाळी पान काढून ठेवा. १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही. हा प्रचार नसला तरी तिथे कुणी वाद घालत बसणार नाही.

निर्मळकर

शेवटचं, वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचं?

यादी_तपासनीस

लोकसभा-विधानसभेसाठी ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले घरूनच मत देऊ शकतात. नमुना १२ड, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. बीएलओ नमुना आणून देतो, पण वाट पाहू नका, आश्रमाच्या यादीवरून वय आणि प्रमाणपत्रं आत्ताच काढून ठेवा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. एकदा १२ड मंजूर झाला की त्या व्यक्तीला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे त्यांना आधी समजावून सांगा. पथक येतं तेव्हा खोलीत आश्रमाचे कर्मचारी, सिस्टर कुणी थांबू नये, मत गुप्तच राहायला हवं. दृष्टी गेलेल्या मतदाराला मदतनीस घेता येतो, तो कोण हे त्यांनीच ठरवायचं.